वेस्लींच्या स्वयंपाकघरातली टेप

१० फेब्रुवारी, शनिवार

सीनियर ग्रुपची ट्रिप. अकरा जण, दोन व्हॅन. विंडसरहून तासभर. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, बर्फातून वर आलेले मक्याचे खुंट. गुलामीतून पळून, सरहद्दीवरची नदी ओलांडून इकडे आलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनी चालवलेलं छोटं म्युझियम. एक जुनं चर्च, एक ओंडक्यांचं घर, एक नवी बैठी इमारत. पस्तीस वर्षं विंडसरला राहतेय. एकदाही आले नव्हते.

फेब्रुवारी त्यांच्या इतिहासाचा महिना, म्हणून भाषण आणि नंतर जेवण. बोलल्या मिस लॉर्ना. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, हातात कागद नाही. त्यांची पणजी हॅना केंटकीहून पळाली. तीन मुलं आणि एक बिडाचा तवा. आधी ओहायो नदी, मग आपली ही डेट्रॉइटची, हिवाळ्यात गोठलेली, पायी. तो तवा काचेच्या पेटीत ठेवलाय. भाषणानंतर मी पेटीपाशी गेले. चांगलाच जड असणार. तीन पोरं सांभाळत, बर्फावरून, आणि हातात हा. किती वेळ उभी होते कळलं नाही. अरुण शोधत आला, जेवण वाढलंय म्हणाला.

जेवण: तळलेला मासा, कोबी, मक्याचा ब्रेड. मी ब्रेड दोनदा घेतला.

निघताना मागच्या टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं. नव्याने मिळालेल्या वस्तू. आत मोठ्या चकत्यांच्या टेप. हात आपोआप गेला. एका डब्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, "पपा, किचन." म्युझियम सांभाळणारी शॅरन म्हणाली, या वाजत नाहीत, काय करायचं कुणाला माहीत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे.

हे वाक्य मी या देशात इंग्रजीत पहिल्यांदा म्हटलं असेल.

११ फेब्रुवारी, रविवार

झोप नीट नाही. जळगावचं रेडिओ केंद्र डोक्यात. अरुणशी लग्न होण्याआधीची सहा वर्षं, टेप विभाग. डाव्या हाताने चकती फिरवायची, कान हेडफोनात, उजव्या हातात ब्लेड. खोकला काप, खुर्चीची करकर काप, "आता काय म्हणू बाई" काप. इथे आल्यावर ते कुणालाच नको होतं. शाळेच्या कॅफेटेरियात सव्वीस वर्षं. वाईट नव्हती. पण ब्लेड धरायला कुणी बोलावलं नाही.

मानसीला मार्कहॅमला फोन. सांगितलं. "आई, दॅट्स सो कूल, बट डोन्ट ब्रेक इट."

१७ फेब्रुवारी, शनिवार

परत गेलो, अरुण आणि मी. शॅरनने खोकं उघडून दिलं. आधी डब्याचा वास घेतला. मेणाच्या खडूसारखा. म्हणजे टेप खराब व्हायला लागलीय. मग चकती खिडकीच्या उजेडासमोर धरली. आरपार उजेड दिसला नाही. हे चांगलं. जुन्या काळच्या पारदर्शक टेपला काही करता येत नाही, हिला येईल.

शॅरनने सांगितलं ते असं. सत्तरच्या दशकात गावातली एक शिक्षिका टेपरेकॉर्डर घेऊन घरोघर जायची, म्हाताऱ्यांना बोलतं करायची. ती गेली, टेप चर्चच्या तळघरात राहिल्या. "पपा" म्हणजे वेस्ली. मिस लॉर्नांचे वडील, हॅनाचा नातू. हॅनाला प्रत्यक्ष पाहिलेला, तिच्या मांडीवर बसलेला माणूस. वेस्लींसकट तसे सगळे आता गेले.

मी चकती खाली ठेवली. दोन्ही हातांनी.

५ मार्च, मंगळवार

म्यु.च्या स्टोअररूममध्ये दान आलेलं जुनं टेप मशीन होतं. आतल्या रबरी पट्ट्यांचं डांबर झालेलं. अरुणने डायनिंग टेबलावर अख्खं मशीन उघडलंय. गेले दहा दिवस आम्ही किचनच्या ओट्यापाशी उभ्याने जेवतोय. कार प्लांटमधून निवृत्त झाल्यापासून तो इतक्या आनंदात दिसला नव्हता. हिअरिंग एड काढून ठेवतो आणि काम करतो. मी हाक मारते, ऐकत नाही.

१९ मार्च, मंगळवार

मशीन चालू. आधी कमी महत्त्वाची टेप लावली, चर्चच्या गाण्याची. दहा सेकंद गाणं, मग किंचाळी. खडूने फळ्यावर ओरखडा काढावा तशी. लगेच बंद केलं. मशीनच्या हेडवर, टेप जिथे घासते तिथे, तपकिरी चिकट थर. तो थर म्हणजेच आवाज, पुसला की गेला. स्पिरिटचा बोळा हातात धरून मी नुसती बसले.

टोरांटोच्या एका जुन्या टेपतज्ज्ञाचा नंबर शॅरनने काढून दिला. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं. म्हणाले, टेप दमट हवा प्यायलीय. मंद उष्णतेवर आठ तास सुकवा. मग काही आठवडे नीट वाजेल, त्यात कॉपी करून घ्या. पुढे परत चिकट होईल. आणि कधी कधी पहिल्याच वेळी जाते, हेही धरून चला.

कशात सुकवू? विचारलं.

म्हणाले, फळं सुकवायचं यंत्र असतं ना, फूड डीहायड्रेटर, त्यात.

मी हसायला लागले. त्यांना कळेना. माझ्या बेसमेंटमध्ये आहे ते. सांडगे, मिरच्या, कुरडया, सगळं त्यातच. या हवेत उन्हात काय वाळणार.

२६ मार्च, मंगळवार

परवानगी मिस लॉर्नांची हवी, टेप त्यांच्या घरची. त्यांच्याकडे गेले. एकट्या राहतात, म्यु.पासून चालत पाच मिनिटं. पहिल्यांदा नावाचं स्पेलिंग विचारलं, मग तीनदा म्हणून पाहिलं. वसुधा. धा ला जोर. पस्तीस वर्षांत कुणी इतके कष्ट घेतले नव्हते. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. टेप जाऊ शकते.

वडिलांचा आवाज कसा होता ते आता आठवत नाही, म्हणाल्या. शब्द आठवतात, आवाज नाही. आधी वाटायचं माझ्या कानात आहे, कधीही काढता येईल. मग एकदा काढायला गेले तर नव्हता.

"मी चौऱ्याऐंशीची आहे, वसुधा. सांभाळून कुणासाठी ठेवू?"

१६ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस डीहायड्रेटर धुतेय. व्हिनेगर, सोडा, परत व्हिनेगर. मिरचीचा वास जाईना. वेस्लींच्या आवाजाला बेडगी मिरचीचा वास लागायचा. शेवटी नवे ट्रे मागवले.

आज गाण्याच्या टेपवर आधी प्रयोग. आठ तास. दर दोन तासांनी चकती उलटी करायची. थर्मामीटर घेऊन मी स्टुलावर.

१८ एप्रिल, गुरुवार

टेप पूर्ण थंड होऊ दिली. आज लावली. गाणं आलं. अख्खं. तीसएक माणसं, कुणीतरी पायाने ताल धरलेला, लाकडी जमिनीवर. एक बाई सगळ्यांच्या मागून उशिरा सूर लावते आणि मग सगळे तिच्यामागे जातात. अरुणने मशीनला हात लावून ठेवला होता. म्हणाला, मला हातातून कळतंय.

आता वेस्ली.

२४ एप्रिल, बुधवार

काय लिहू.

टेप वाजली. आधी खरखर, मग चमचा कपात फिरल्याचा आवाज, मग शिक्षिका विचारते, सुरू करू या? आणि एक पुरुष घसा खाकरतो. "बरं तर." बस, एवढंच. खालच्या पट्टीतला, जाड, संथ आवाज. प्रत्येक शब्द जागेवर ठेवल्यासारखा. जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस तपकिरी चिकट थरात गप्प बसला होता आणि आत्ता माझ्या बेसमेंटमध्ये चहा ढवळतोय.

पहिली पंधरा मिनिटं शेती, घोडे, चर्चचं छप्पर. मिस लॉर्नाही तिथे आहेत. तरुण आवाज, एकदा हसतात, एकदा वडिलांना "नाही, ते निळं घर होतं" म्हणून दुरुस्त करतात. आजसुद्धा अशाच दुरुस्त करतात.

कॉपी होतेय. उद्या पुढचं.

२५ एप्रिल, गुरुवार

शिक्षिका हॅनाबद्दल विचारते. वेस्ली थांबतात. मग म्हणतात, "लॉर्ना, माझी टोपी गाडीत राहिली, जरा आण." पावलं. जाळीचं दार आपटतं. मग ते आवाज खाली आणून बोलतात.

मुलं तीन नव्हती. चार होती. सगळ्यात धाकटी डीलिया, चार वर्षांची. निघायच्या रात्री तिला ताप आणि खोकला. खोकला कुत्र्यांना ऐकू गेला असता, सगळेच सापडले असते. हॅनाने तिला शेजारच्या खोपटातल्या म्हातारीपाशी झोपलेलीच ठेवली. आठवड्यात परत येऊन नेईन म्हणाली. परत जाता आलं नाही. कधीच नाही. निरोप धाडले, पोचले की नाही कळलं नाही.

आणि तवा. वेस्ली म्हणतात, सगळे आजीला विचारायचे की इतका जड तवा कशाला आणलास. मी नऊ वर्षांचा असताना मीही विचारलं. ती म्हणाली, तो हात रिकामा होता म्हणून.

मग वेस्ली म्हणतात, "हे कुणा माणसाला सांगणार नाही, असं मी तिला वचन दिलं होतं. मशीनबद्दल ती काही बोलली नव्हती."

पावलं परत येतात. मिस लॉर्ना म्हणतात, "पपा, टोपी गाडीत नाहीये." वेस्ली म्हणतात, "मग माझ्या डोक्यावर असेल." सगळे हसतात.

हेडफोन काढले. वर जाऊन हात धुतले. का ते माहीत नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर तेच. अख्ख्या जगात हे आत्ता एकट्या मला माहीत आहे. जळगावची, कॅफेटेरियातली मी. मला कुणी अधिकार दिला.

मिस लॉर्ना पन्नास वर्षं शाळांमधून "तीन मुलं आणि एक तवा" सांगतायत. म्यु.च्या भिंतीवर मोठ्या अक्षरात तेच. ऑगस्टमध्ये नवं प्रदर्शन उघडतंय, हॅनाच्या कुटुंबावर. आणि वडिलांनी त्यांना मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. त्यांनी ऐकू नये म्हणून.

दार आपटण्यापासून दार परत उघडण्यापर्यंत पावणेसहा मिनिटं. कापायला मला दहा सेकंद लागतील. जोड ऐकूही येणार नाही. मला येतं ते.

२७ एप्रिल, शनिवार

अरुणला सांगितलं. त्याने हिअरिंग एड नीट बसवलं, मला परत सांगायला लावलं. मग म्हणाला, वसू, तू आता रेडिओत नाहीस. टेप त्यांची आहे. तुझं काम पोचवायचं, निवडायचं नाही.

मी म्हटलं, धक्का बसला तर? ऐंशीच्या पुढच्या आहेत.

"म्हणून तू शेजारी बस."

जळगावला कापून टाकलेल्या तुकड्यांची टोपली आठवतेय आज. संध्याकाळी झाडूवाली न्यायची. जात्यावरची गाणी म्हणणाऱ्या एक बाई यायच्या, दोन गाण्यांच्या मधे बोलायच्या, सासरचं काहीबाही. मी सगळं कापायचे. गाणी तेवढी ठेवायचे. त्या काय बोलायच्या, एक वाक्य आठवत नाही.

१ मे, बुधवार

मिस लॉर्नांचं स्वयंपाकघर, टेपवरचं. तेच. टेबलही तेच असावं. मी कॉपी लॅपटॉपवर नेली होती. आधी सांगितलं की टेपवर असं काही आहे जे तुम्ही त्या वेळी ऐकलं नाहीत. ऐकायचं की नाही, तुम्ही ठरवा. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मान डोलावली.

"बरं तर" आलं आणि त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटलेले की मला वाटलं थांबवावं. मग टोपी. मग दार.

डीलियाचं नाव आलं तेव्हा डोळे उघडले. तव्याचं आलं तेव्हा उजवा हात टेबलावरून उचलून त्यांनी मांडीवर घेतला. रडल्या नाहीत. मी रडले.

संपलं. म्हणाल्या, मागे घे. किती मागे? दारापर्यंत. घेतलं. पावलं, दार. परत मागे. पावलं, दार. चार वेळा.

"हे माझे बूट आहेत," म्हणाल्या. "तपकिरी, पट्ट्याचे. टोपी शोधत मी त्या गाडीत पाच मिनिटं घालवली, सीटखाली हात घालून."

मग, मला नाही, खिडकीला: "मी छत्तीस वर्षांची होते, पपा. मला ऐकता आलं असतं."

४ मे, शनिवार

मिस लॉर्नांचा फोन. शॅरनला सांगितलंय. मोठ्या कुटुंबाला जूनच्या फिश फ्रायला सांगणार. मला बोलावलंय. तू यायचंस, मशीन तुझं आहे.

माझं नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

१५ जून, शनिवार

म्यु.च्या मैदानात फिश फ्राय. शंभरेक माणसं. डेट्रॉइट, टोरांटो, चॅथम, एक जण थेट अटलांटाहून. मुलांचे पळापळीचे खेळ, मोठ्या कढया, तेलाचा वास. मी ढोकळा नेला, अर्ध्या तासात संपला, एका बाईंनी रेसिपी पाकिटाच्या पाठीमागे लिहून घेतली.

जेवणानंतर घरचे वीसेक जण चर्चमध्ये. टेप ऐकवली. मी मशीनपाशी, कुणाकडे बघायचं धाडस नाही.

मिस लॉर्नांचे चुलत भाऊ क्लिफर्ड उठले. सत्तरीचे, उंच, म्यु.च्या छपराचं काम त्यांनीच केलेलं. आवाज चढला नाही. म्हणाले, माझी नातवंडं शाळेत हॅनाची गोष्ट सांगतात. एक बाई, तीन मुलं, कुणाला मागे सोडलं नाही. या गोष्टीवर आम्ही उभे राहिलो. आता तुम्ही त्यांना सांगणार की तिने एक मागे सोडली? ज्यांनी तिला ते करायला लावलं त्यांचं नाव या भिंतीवर कुठेच नाही, आणि हिचं दुःख तेवढं लावायचं? तिने स्वतः वचन घेतलं होतं. वेस्लीकाकांनी मोडलं. आपण तरी पाळू.

मला त्यांचं खरं वाटलं.

मिस लॉर्ना बसूनच बोलल्या. "क्लिफर्ड, ती चार वर्षांची होती. तिचं नाव घेणारं पृथ्वीवर कुणी नाही. तू नाही, मी नाही. दीडशेच्या वर वर्षं."

काही ठरलं नाही. क्लिफर्ड गेले. जाताना माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. रागाने नाही. पण थांबलेही नाहीत.

१६ जून, रविवार

अंगात कणकण. मी हे सगळं ओढवून आणलं का. खोकं उघडलंच नसतं तर. अरुण म्हणतो, उघडलं नसतं तर वेस्लींनी कुणाला सांगितलं असतं.

९ जुलै, मंगळवार

शॅरनकडे गेले. प्रदर्शनाचं नवं पॅनल छापायला जायचंय, मजकूर अडलाय. तिने दोन्ही बाजू ऐकल्यात. म्हणाली, म्यु. कुटुंबाच्या मर्जीबाहेर जाणार नाही, आणि कुटुंब एकमताचं नाही. तिने एक मात्र केलंय. केंटकीच्या त्या परगण्याच्या कोर्टहाऊसमध्ये जुनी पुस्तकं आहेत. मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी. घोडे, नांगर, खाटा, आणि माणसं. माणसांचं फक्त पहिलं नाव आणि वय. पुस्तकं ऑनलाइन नाहीत. जाऊन बघावी लागतील.

खुर्च्या, खाटा आणि त्याच यादीत मुलं. हे मला वाचून माहीत होतं. शॅरनने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की ते मला आज पहिल्यांदा कळलं.

३ ऑगस्ट, शनिवार

प्रदर्शन उघडलं. गर्दीमुळे चर्चची दारं उघडी ठेवलेली, लोक पायऱ्यांवर. पॅनलवर "मुलं" एवढंच छापलंय. आकडा नाही. शॅरनने तोडगा काढला होता.

टेपचा थोडा भाग ऐकवायचं आधीच ठरलं होतं; मिस लॉर्नांनी मात्र सकाळी सांगितलं, टेप माझी आहे, वाजेल. पूर्ण. मी अरुणकडे बघितलं. त्याने मशीनच्या पट्ट्या परत तपासल्या.

खऱ्या चकतीवर वाजवायचं ठरलं, कॉपीवर नाही. दोन दिवस आधी परत सुकवून घेतली होती. लोकांसमोर चिकटली तर.

चिकटली नाही. वेस्ली बोलले. लोक हसले तिथे हसले, छपराच्या गोष्टीला जुन्या बायकांनी हुंकार दिला. मग टोपी, दार. मिस लॉर्ना पहिल्या बाकावर ताठ. वेस्लींनी डीलियाचं नाव घेतलं.

मग जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. मागच्या बाकावरच्या एक खूप म्हाताऱ्या बाई, वॉकर धरून, उभ्या राहिल्या. मग त्यांच्या शेजारचे. मग ओळीओळीने सगळे. बाकांची करकर आणि वेस्लींचा आवाज. पायऱ्यांवरचे, मैदानातले, सगळे उभे. मी मशीनपाशी होते, मीही. कुणासमोर उभे होतो? चार वर्षांच्या मुलीसमोर. आयुष्यात मी पुष्कळ देवळं पाहिली. असं पाहिलं नव्हतं.

मशीनचं वाक्य आलं तेव्हा सगळे रडता रडता हसले. वेस्लींना ते आवडलं असतं.

क्लिफर्ड दाराशी होते. उभे, पण ते आधीपासूनच उभे होते, त्यामुळे कळलं नाही. नंतर खुर्च्या उचलायला आले. सहा सहा एकदम. माझ्यापाशी थांबले. टेपवर त्या मुलीचा आवाज वगैरे नसणार, अर्थातच, म्हणाले. मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली. खुर्च्या घेऊन गेले.

त्यांनी हे का विचारलं, तेव्हापासून विचार करतेय.

४ ऑगस्ट, रविवार

मानसी आली होती काल, दोन्ही मुलांना घेऊन. आज जायच्या आधी मोठीने विचारलं, आजी, तू रेडिओत काय काय कापलं होतंस? इंग्रजीत. तिच्या आईने सांगितलेलं दिसतंय. मी म्हटलं, खूप. ती म्हणाली, मग तेवढं तरी सांग जे आठवतं. मी सांगायला लागले. गाडी तासभर उशिरा निघाली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मिस लॉर्नांचा फोन. केंटकीला जायचंय. विमान नको, गाडीने. पुतण्या नेईल म्हणाला होता पण त्याला सुट्टी नाही. मला वाटतं त्या थोडं खोटं बोलल्या. त्यांना आम्हीच हवे होतो.

मी फोन ठेवायच्या आत अरुण टायर बघायला गॅरेजमध्ये.

डॉक्टरांना विचारा म्हटलं. विचारलंय म्हणाल्या. काय म्हणाले? "इतका वेळ बसू नका. मी म्हटलं, उभ्याने कुणी केंटकीला जात नाही."

२१ सप्टेंबर, शनिवार

बॅगा. थर्मास, बिस्किटं, त्यांच्यासाठी पायाखाली घ्यायची उशी, गोळ्यांची यादी दोन प्रतींत. भाकरी आणि ठेचा आमच्यासाठी, नंतर त्यांनीही मागितला तर असावा म्हणून जास्त.

म्यु.त गेले होते निरोप घ्यायला. शॅरनने कोर्टहाऊसचा पत्ता, पुस्तकांचे क्रमांक, पांढरे हातमोजे दिले. क्लिफर्ड तिथेच होते, छपराची पन्हळ साफ करत. शिडीवरून उतरले. मला एक घडी घातलेला कागद दिला. मालकाचं आडनाव, त्या शेताचं नाव, जवळच्या ओढ्याचं नाव. त्यांच्या वडिलांनी कधी तरी सांगितलेलं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"ती यादीत नसेल, तर ओढ्याच्या पलीकडच्या शेताची बघा," म्हणाले. आणि परत शिडीवर चढले.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी सातला मिस लॉर्नांना घेतलं. चर्चला जातात तशाच तयार, टोपी, हातमोजे. ब्रिजवर ट्रकांची रांग नव्हती. खाली नदी, पाणी वाहतं, हिरवट. त्या खिडकीला टेकून बघत होत्या.

पलीकडे पोचलो. बॉर्डरवरचा तरुण अधिकारी. तीन पासपोर्ट. अरुणला विचारलं कुठे, किती दिवस. मग, कशासाठी?

अरुणने आरशातून मागे बघितलं.

"फॅमिली," मिस लॉर्ना म्हणाल्या.

कोण?

"डीलिया."

कुठे राहते?

"तेच बघायला चाललोय," म्हणाल्या. वर्गात शिकवायच्या आवाजात. त्याने वाकून मागे पाहिलं, टोपी, हातमोजे. पासपोर्ट परत दिले.

दिवसभर गाडी. टोलेडो, डेटन. दर तासाला थांबून पाच मिनिटं चालणं. ओहायो नदीच्या पुलाआधी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरल्या, कठड्यापाशी गेल्या, माझा हात धरून. रुंद, तपकिरी नदी. म्हणाल्या, मी नकाशात नेहमी ही बोटभर दाखवायचे मुलांना.

आता केंटकीत मोटेल. संध्याकाळ, पार्किंग लॉटमध्ये ऊन. ठेचा त्यांनी मागितलाच, पाण्याचे तीन ग्लास लागले. अरुण नकाशावर तो ओढा शोधतोय, अजून मिळालेला नाही. शेजारच्या खोलीतून इस्त्रीची वाफ ऐकू येतेय. त्या निळा ड्रेस इस्त्री करतायत. मी करून देते म्हटलं, दिला नाही.

कोर्टहाऊस साडेआठला उघडतं. त्या म्हणाल्या, आपण आठलाच जाऊन दारात उभे राहू.